घरात भानामती होतेय असं कुणी सांगितलं, तर तपास कसा करायचा

फोन बहुतेक वेळा रात्री दहानंतर येतो. आणि घरातलं कुणी तो करत नाही. मेहुणा, शेजारी, मुलीच्या क्लासच्या बाई, असं कुणीतरी करतं. "त्यांच्याकडे भांडी आपोआप पडतायत. कपडे कापले जातायत. कालपासून दगड यायला लागलेत." मग आवाज खाली येतो. "भानामती आहे म्हणतात."

मी एका कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये सहायक होतो. गेली वीस-बावीस वर्षं पुण्यात आणि आसपास अशा घरांत जातोय, कधी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीतल्या मित्रांबरोबर, कधी नुसता ओळखीने. उद्या असा फोन तुम्हालाही येऊ शकतो, म्हणून हे लिहितोय. भूत असतं की नसतं हा वाद ज्याला घालायचा असेल त्याने तो पारावर घालावा. त्या घरात आपल्याला एवढंच शोधायचं असतं की मंगळवारी संध्याकाळी पावणेसहाला नेमकं काय झालं.

फोनवरच विचारायचं

तीन गोष्टी आधी विचारा. कशाला आग लागली आहे का? घरात कुणाला डोकेदुखी, मळमळ, गुंगी असं काही होतंय का? आणि कुणाला मारहाण, उपाशी ठेवणं, धुरी देणं असं सुरू झालंय का? यातल्या एकाचंही उत्तर "हो" आलं तर तपास नंतर, आधी मदत. आगीसाठी १०१, रुग्णवाहिकेसाठी १०८, मारहाण असेल तर ११२.

तिन्हींची उत्तरं "नाही" आली, तर दुसऱ्या दिवशीची वेळ घ्या. रात्री धावत जाऊ नका. घाबरलेल्या घरात रात्री अकराला चार अनोळखी माणसं टॉर्च घेऊन शिरली की सगळी गल्ली गोळा होते, आणि एकदा गल्ली गोळा झाली की मागे येणं घराला अवघड जातं. दोघांनी जायचं, त्यातली एक बाई हवीच. माझ्याबरोबर बहुधा एक निवृत्त नर्स येतात, आम्ही त्यांना ताई म्हणतो. पत्रकार नको, भाचा-पुतण्या "नुसता बघायला" नको, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर एक अक्षर नको. पैसे घ्यायचे नाहीत, रिक्षाचेसुद्धा.

पहिली भेट

चहा नाकारू नका. ज्या घरात शेजाऱ्यांनी पाणी प्यायचं सोडलेलं असतं, तिथे पाहुण्याने चहा घेतला याला फार किंमत असते. "थोतांड", "खुळचटपणा" हे शब्द दाराबाहेर ठेवून या.

आधी सगळ्यांना एकत्र बोलू द्या. या बैठकीत खरं काही हाती लागत नाही, पण घरातला मोठा आवाज कोणाचा, कोण बोलताना कोण गप्प होतं, हे कळतं. मग एकेकाला वेगळं भेटायचं. ताई स्वयंपाकघरात, मी गॅलरीत. प्रत्येकाला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायचा: पडताना पाहिलंत, की पडल्यावर?

या प्रश्नाने अर्धं काम होतं. "दगड छतातून आला" म्हणणारा माणूस जरा आठवायला लागला की सांगतो, आवाज आला, वळून पाहिलं, तर दगड फरशीवर होता. छत हे त्याचं अनुमान असतं. तो खोटं बोलत नसतो, आवाज आणि दगड यांच्यामधली रिकामी जागा मनाने भरून काढतो. म्हणून लिहिताना दोन रकाने ठेवा, "पाहिलं" आणि "वाटलं". वस्तू हलायला लागली तो क्षण पाहिलेला माणूस मला आजवर भेटलेला नाही.

घराचा नकाशा काढा. कलाकुसर नको, कागदावर खोल्या, दारं, कोणत्या जागेवरून काय दिसतं एवढं पुरे. पुण्यात हे महत्त्वाचं, कारण वाड्यातली खोली आणि वन बीएचके यांत सारा फरक नजरेच्या वाटेचा असतो. ओट्याशी उभ्या बाईला हॉलमधला टीव्ही दिसतो का? नसेल दिसत, तर हॉलमधल्या घटनेची ती साक्षीदार नाही, तिने कितीही शपथ घेतली तरी.

आधी जीवाचा धोका

बाथरूममधला गॅस गीझर बघा. थंडीत खिडकी बंद, एक्झॉस्टच्या भोकात बोळा, आणि आत गीझर पेटलेला, हे दृश्य पुण्यात अजून सर्रास दिसतं. अर्धवट जळालेल्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, मळमळतं, गोंधळल्यासारखं होतं, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं. अमेरिकेतल्या डॉ. विल्यम विल्मर यांनी १९२१ साली नेत्रवैद्यकाच्या एका नियतकालिकात अशा एका कुटुंबाची हकिगत छापली होती. नव्या घरात राहायला गेल्यावर त्यांना पावलांचे आवाज यायला लागले, माणसं दिसायला लागली, घरातली झाडं मरायला लागली. दोष निघाला तळघरातल्या भट्टीत. घराबाहेर पडल्यावर सगळ्यांना बरं वाटतं आणि परत आल्यावर पुन्हा त्रास होतो, असं ऐकलं की मी पुढचं काही विचारत नाही. गीझर बंद, खिडक्या उघड्या, सगळे डॉक्टरकडे.

दुसरं, वीज. बिल्डिंगची न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी वायर, ढिली झाली की एका खोलीतला दिवा भगभगतो, दुसरीतला मिणमिणतो, बल्ब उडतात, टीव्ही जळतो. स्विच वीज आणणाऱ्या फेजऐवजी न्यूट्रलवर बसवला असेल तर बंद केलेला एलईडी रात्रभर भुतासारखा मंद उजळत राहतो. नळाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग गेलंय. हे सगळं परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्या. स्वतः टेस्टर घेऊन शूर होऊ नका.

घर काय काय करतं

पत्र्याचं छत दिवसभर तापतं आणि सूर्य मावळल्यावर आक्रसताना फटाफट आवाज करतं, कुणी दगड मारावा तसे. वाड्याच्या तुळया हवा बदलली की कडाडतात. जुन्या पेठांत माळ्यावर उदमांजर असतं, त्याचं चालणं माणसाच्या पावलांसारखं ऐकू येतं. घूस जमिनीखालून असा काही आवाज काढते की मीसुद्धा एकदा दचकलोय. गव्हाणी घुबडाची किंकाळी ज्याने ऐकलीय त्याला वेगळं सांगायला नको.

प्राणी शोधायला सगळ्यात चांगलं साधन म्हणजे रांगोळी. पिठाच्या चाळणीने रात्री झोपताना पातळ थर पसरायचा, माळ्याच्या तोंडाशी, मोरीपाशी, ओट्यावर. सकाळी पंजे दिसतात. माणसाचे पायसुद्धा दिसतात, पण त्याबद्दल पुढे.

आणि पाणी. पेठांतले लोक लगेच कात्रजच्या नहराचं नाव काढतात. पेशवाईत कात्रजच्या तलावापासून शनिवारवाड्यापर्यंत आणलेलं ते पाणी अजून खालून वाहतंय आणि त्यानेच घर हलतं, असं मला निदान पाच ठिकाणी ऐकवलं गेलंय. ही कल्पना इंग्लंडातही होती. जी. डब्ल्यू. लॅम्बर्ट यांनी १९५५ साली असंच मांडलं की जमिनीखालच्या पाण्याच्या धक्क्यांनी घरातल्या वस्तू हलतात. मग गॉल्ड आणि कॉर्नेल या दोघा संशोधकांनी पाडायला काढलेल्या घराला यंत्रं लावून ते चांगलं हादरवलं. घर थरथरलं, पण भानामतीत उडतात तशा वस्तू काही उडाल्या नाहीत. तेव्हा नहराला सोडा. बिल्डिंगचा पंप बघा. पंप सुरू असताना भिंतीला तळहात लावून उभं राहा. बंद होताना पाणी मागे येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आपटतो, पाइपात धाडकन आवाज होतो आणि धक्का वरच्या मजल्यापर्यंत जातो. मांडणीवरची स्टीलची ताटं रोज केसभर पुढे सरकतात आणि एके दिवशी पहाटे कोसळतात. ताटांच्या कडेशी फळीवर पेन्सिलीने रेघ मारून ठेवा, दोन दिवसांत कळतं.

वही

कॅमेऱ्याच्या आधी वही. दोनशे पानी, रेघांची. घरातली जी व्यक्ती सगळ्यात कमी बोलते तिच्याकडे द्यायची. प्रत्येक घटनेची वेळ (संध्याकाळी नव्हे, ५:४८), जागा, वस्तू, आधी आवाज की आधी वस्तू दिसली, पहिल्यांदा कोणाला दिसलं, आणि त्या मिनिटाला घरातला प्रत्येक जण कुठे होता. शेवटचा रकाना लोक चुकवतात आणि तोच कामाचा असतो. कारण काय असेल, कोणी केलं असेल, हे वहीत लिहायचं नाही.

धनकवडीतल्या एका घराची वही माझ्याकडे आहे. ओळख पुसण्यापुरते तपशील बदलून सांगतो. तळमजल्यावरचा फ्लॅट, आजी, नवरा-बायको, आठवीतली मुलगी आणि जूनपासून भोरकडून आयटीआयसाठी राहायला आलेला पुतण्या. वही आईने लिहिली. अक्षर बारीक, वेळा चोख, मधे एका पानावर दुधाचा हिशेबही.

एकोणीस दिवसांत एकतीस नोंदी. एका देवरुषाने आधीच सांगून टाकलं होतं की "बाहेरून आलेल्या माणसाबरोबर आलंय." आजीने त्या मुलाचं ताट वेगळं केलं होतं. मी वही घेऊन बसलो आणि घड्याळाप्रमाणे ढीग पाडले. अकरा नोंदी पहाटे साडेपाच ते सहा दहाच्या दरम्यान, सगळ्या ताटं-वाट्यांच्या. चार नोंदी दिव्यांच्या, आणि त्या सगळ्या रात्री, बिल्डिंगमधले एसी सुरू असताना. राहिल्या सोळा. दुपारी चार ते साडेसहा, दगड आणि कापलेले कपडे. पुतण्या मधे पाच दिवस गावाला गेला होता. त्या पाच दिवसांत या सोळांपैकी चार घडल्या होत्या. मुलगी तीन दिवस चिंचवडला मावशीकडे होती. त्या तीन दिवसांत फक्त पहाटेची ताटं पडली.

हे कळायला मला चाळीस मिनिटं लागली. ते घर दोन महिने झोपलं नव्हतं.

यातली एक गोष्ट इतर घरांतही पुन्हा पुन्हा दिसते. सुरुवात घराने केलेली असते, पुढचं माणसाने. पहिल्यांदा ताटं पडली ती पंपाने. आजी म्हणाली भानामती. मग घरात एक शब्द आला, आणि त्या शब्दाआड आता काहीही करता येणार होतं. एकच कारण शोधत बसाल तर चकाल. "पण पहाटे तर मुलगी झोपलेली होती" म्हणून लोक खऱ्या धाग्यावरून हात काढतात.

दगड, कपडे, अंगावरच्या फुल्या

वस्तू टाकून देऊ नका, नदीत तर नाहीच. प्रत्येक दगड वेगळ्या पिशवीत, वर तारीख-वेळ. आपल्याकडचा दगड काळा, बसाल्ट, पण क्रशरची धारदार खडी, नदीतला गोटा आणि अंगणातला मातीचा खडा यांत फरक डोळ्यांना दिसतो. आला तेव्हा ओला होता का, माती कुठली, हे बघा. मग एक सोपी युक्ती: बिल्डिंगच्या आवारात जिथे तशी खडी पडलीय तिथल्या साठ-सत्तर दगडांना खालच्या बाजूने नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवायचा. पुढचा "आभाळातून आलेला" दगड ठिपका घेऊन आला की आभाळाचा पत्ता लागतो.

कपड्यांवर जरा थांबतो, कारण कापड फार बोलतं. उंदराने कुरतडलेली कड दातेरी, धागे ओले-चुरगळलेले, आणि बहुधा घामाच्या किंवा अन्नाच्या डागाशी. ब्लेडचा काप सरळ, एकेरी. धनकवडीच्या घरात मला वडिलांचे तीन शर्ट दाखवले. "अंगावर असताना फाटले," आजी म्हणाली. मी एक शर्ट टेबलावर पसरला. पाठीवर सहा भोकं, जोडीजोडीने, मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर, शाळेत कागदाची घडी घालून कातरकाम करायचो ना, अगदी तशी. शर्ट इस्त्रीच्या घडीप्रमाणे परत मिटला तर सहा भोकांची दोन झाली. म्हणजे तो कपाटात घडी करून ठेवलेला असताना, घाई न करता, कात्रीने कापलेला होता. आजीला मी तेव्हा काही बोललो नाही. घडी परत घातली.

जेवणात केस, देव्हाऱ्यात घाण, गादीवर पाणी, यांचा तपास दगडांसारखाच: आधी कोणाला दिसलं आणि त्याआधी तिथे शेवटचं कोण होतं.

अंगावर उमटणाऱ्या फुल्या वेगळ्या बघायच्या. गावाकडच्या भानामतीत, मराठवाड्यात विशेष, बिब्ब्याचं तेल हा जुना उद्योग आहे. बिब्बा लागला की लगेच काही होत नाही. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, कातडी लाल होते, फोड येतो, काळा डाग पडतो. म्हणून रात्री लागलेलं सकाळी "आपोआप उठतं." फुल्या उजव्या हाताला सहज पोचेल अशाच जागी आहेत का, पाठीच्या मधोमध एकही नाही का, हे ताईंनी नोंदवायचं, मी नाही. उपाय म्हणजे साबण-पाणी आणि त्वचेचे डॉक्टर. त्यावर अंगारा चोळू देऊ नका.

कपड्यांना किंवा गादीला आग लागली तर मात्र हौशी तपास बंद. पांढरा फॉस्फरस तिशीच्या तापमानातच पेट घेतो, हे तुम्हाला माहीत असलं तरी तिथे ते सिद्ध करत बसायची वेळ नसते. काड्यापेट्या, लायटर, रॉकेल, देव्हाऱ्यातला कापूरसुद्धा कुलपात, घरात बादल्या भरून, आणि अग्निशमन दल व पोलीस यांना खबर.

कुलूप आणि कॅमेरा

घटना ज्या कपाटात घडतात ते बंद करून फटीवर कागदाची पट्टी चिकटवायची आणि तिच्यावर घरातल्या तिघांच्या सह्या. आतले कपडे मोजून. पट्टी शाबूत आणि आत कापलेला कपडा, असं मला एकदाही मिळालेलं नाही. पट्टी फाटलेली मिळाली आहे, आणि बहुतेक वेळा नुसती पट्टी लावल्याने प्रकार दुसऱ्या खोलीत गेलाय. हेही लिहून ठेवायचं.

कॅमेरा लावायचा तर हॉलमध्ये, सगळ्या मोठ्या माणसांना सांगून. झोपायच्या खोलीत, बाथरूमकडे, मुलीच्या कपड्यांच्या कपाटाकडे कधीच नाही. आणि त्यातून काय दिसेल याची तयारी आधी करा. अमेरिकेत कोलंबस गावी १९८४ साली एका किशोरवयीन मुलीच्या घरी बातमीदारांची गर्दी झाली होती. त्यांच्या सुरू राहिलेल्या कॅमेऱ्यात तीच दिवा ओढून पाडताना सापडली. प्रकरण जगभर गेलं. त्या मुलीचं पुढे काय व्हायचं याचा विचार तिथल्या गर्दीत फारसा कुणी केला नव्हता. लंडनच्या एन्फिल्डमध्ये १९७७ला सुरू झालेल्या प्रकरणातही मुली लबाडी करताना पकडल्या गेल्या, आणि थोडंसं आम्हीच केलं असं त्यांनी नंतर कबूलही केलं, बाकीच्यावर अजून भांडण चालू आहे. आपल्या पुण्यातलंही एक प्रकरण आहे. इथल्या एका सुशिक्षित घरातल्या लहान मुलाभोवती घडणाऱ्या प्रकारांच्या नोंदी मिस कोन नावाच्या बाईंनी केल्या आणि हॅरी प्राइस या इंग्रज संशोधकाबरोबर त्या १९३० साली छापून आल्या. अशा जुन्या नोंदी वाचताना मी तोच प्रश्न विचारतो: पडताना पाहिलं, की पडल्यावर? आणि मूल त्या मिनिटाला कुठे होतं?

काही जण वस्तूंना नीळ किंवा जांभळं औषध लावून ठेवतात, हात रंगला की चोर सापडला. मी हे करत नाही. रंगलेला हात सगळ्या घरासमोर उघडा पडतो, आणि तो बहुतेकदा तेरा वर्षांचा असतो.

मुलाशी बोलणं

"तूच करतेस ना?" हा प्रश्न विचारायचाच नाही. धनकवडीत ताई मुलीला घेऊन गच्चीत गेल्या, आईला माहीत होतं, दार उघडं होतं. शाळा कशी, अभ्यास कुठे करतेस, झोपतेस कुठे. "झोपतेस कुठे" पाशी ती थांबली. पुतण्या आल्यावर तिची खोली आणि टेबल त्याला गेलं होतं, ती हॉलमध्ये आजीजवळ झोपत होती आणि ओट्यावर अभ्यास करत होती. तिला कुणी विचारलं नव्हतं. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "दादाला परत पाठवतील असं वाटलं." मग रडली. ताईंनी एवढंच सांगितलं की आता थांबलं तर कुणाला कळणार नाही.

असं वचन देताना एक अट मात्र स्पष्ट सांगायची असते. कुणी तुला मारत असेल, नको तसा हात लावत असेल, तर ते मी गुपित ठेवू शकणार नाही. कपडे फक्त एकाच माणसाचे कापले जातायत, एकाच माणसाच्या अंथरुणावर पाणी पडतंय, मूल एका खोलीत जायला तयार नाही, अशा वेळी भानामतीच्या मागे काय असू शकतं हे डोक्यात ठेवा. लैंगिक अत्याचाराची माहिती किंवा शंका असली तर २०१२च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे कळवणं बंधनकारक आहे. घराण्याची अब्रू वगैरे तिथे चालत नाही. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे.

मोठ्या माणसाच्या हातून होत असेल, आणि होतं, नव्याने आलेल्या सुनेच्या, कधी सासूच्याही, तर बोलायची रीत तीच. कुणाला आवाज ऐकू येत असतील, माणसं दिसत असतील, किंवा आपण काय केलं ते आठवत नसेल, तर तो मानसोपचारतज्ज्ञाचा विषय. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. घरच्यांना "वेड लागलंय का तिला?" वाटतं, म्हणून मी "झोपेच्या डॉक्टरकडे जाऊ" असं सुरू करतो. झोप सगळ्यांचीच उडालेली असते, त्यामुळे ते खोटंही नसतं.

देवरुषी येऊन गेला असेल तर

त्याने काय दाखवलं ते विचारा. लिंबू कापल्यावर रक्त? सुरीला आधी मिथिल ऑरेंज हे रसायन लावलं तर आंबटाने लाल होतं. हळदीच्या पाण्याचं कुंकवासारखं लाल पाणी? त्यात चुना गेला. नारळ पाण्याने पेटला? शेंडीत सोडियमचा तुकडा. हे मी घरच्यांना करून दाखवतो, सोडियमचं सोडून, आणि मुलांना स्वतःच्या हाताने करायला देतो. आजी हसली की काम झालं.

पण त्याने नाव घेऊन कुणावर आळ घातला असेल, किंवा "उतरवायच्या" नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं झालं असेल, तर तो जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी ओंकारेश्वराजवळच्या पुलावर खून झाला, आणि त्यानंतर चारच दिवसांत, इतकी वर्षं रखडलेला हा कायदा वटहुकूम म्हणून निघाला. डिसेंबरात तो विधिमंडळात मंजूर झाला. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच ते पन्नास हजार, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. पोलीस ठाण्यात जाताना वही, फोटो आणि पैसे दिल्याचे यूपीआयचे स्क्रीनशॉट न्या. हल्ली मांत्रिकही यूपीआय घेतात, हे आपल्या सोयीचं झालंय.

घराला काय सांगायचं

माझा नियम असा: ज्याच्यावर आळ आला त्याचं नाव सगळ्यांसमोर साफ करायचं, ज्याने केलं त्याचं नाव कुणासमोर घ्यायचं नाही. आईला किंवा वडिलांना सांगावंच लागलं तर मुलाच्या संमतीने, आणि ज्याचा हात उठत नाही त्याला. मागे वळून बघितलं तर मी दोनदा यात चुकलोय. एकदा वडिलांना सांगितलं आणि जिन्यातच मुलाला मार बसल्याचा आवाज ऐकला.

धनकवडीत सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं. वही उघडली. पुतण्या गावाला असतानाच्या चार नोंदी आजीला वाचून दाखवल्या, तारखा आणि वेळांसकट. मग पहाटे साडेपाचला येऊन बसलो आणि पंप सुरू झाल्यावर आजीचा हात धरून भिंतीला लावला. बराच वेळ तिने तो काढला नाही. सोसायटीने पंपाखाली रबराचे पॅड टाकले, व्हॉल्व्ह बदलला, वायरमनने मीटर रूममधली न्यूट्रल घट्ट केली. आणि आईला मी वेगळं, सहज म्हटल्यासारखं म्हटलं की मुलीला एक टेबल घ्या, खिडकीपाशी बसेल असं.

वही आणखी महिनाभर लिहायला सांगायची, रिकामी असली तरी तारीख टाकून. रिकाम्या पानांची घराला सवय व्हावी लागते. एखादी घटना परत घडली तर दचकू नका, ती बहुधा पाहण्यासाठी असते: अजून लक्ष आहे का. शेजाऱ्यांना काय सांगायचं ते घराने ठरवायचं, तुम्ही नाही.

"कपडे कुणी कापले मग?" आजीने निघताना विचारलंच.

"आता नाही कापले जाणार," मी म्हटलं.

तिने मुलीकडे पाहिलं की माझ्याकडे, मला नीट कळलं नाही. मग पुतण्याला म्हणाली, "ताटं घे रे, सगळ्यांची." चार महिन्यांनी त्या बिल्डिंगवरून जाताना वॉचमनला विचारलं, कसं काय चाललंय. तो म्हणाला, भुताचा पंप ना, एकदम सायलेंट आहे आता. आजीने सगळ्या सोसायटीला तेच सांगितलं होतं.